विश्रांतीचे वाटेकरी

विश्रांती घेणे हे पाप नव्हे, ही गोष्ट कष्टाळू माणसाच्या मनाला सहजासहजी पटत नाही. आपल्या वाडवडिलांनी वाडीला पाणी लावता लावता आणि भाजीच्या पाट्या बाजारात पोहोचवता पोहोचवता आयुष्ये काढली. 'रिकामे डोके सैतानाचे घर' ही म्हण त्यांनी आपल्याला दुधाबरोबर पाजली. त्यामुळे आजही रविवारची मिस्सा आटोपून कुटुंबासह कोठे समुद्रकाठी दिवस घालवायला निघालो, तरी मनाच्या कोपऱ्यात एक बारीकशी टोचणी असतेच. घरी किती कामे पडली आहेत आणि आपण चाललो आहोत मजा करायला!

या टोचणीला संत थॉमस अक्विनास यांनी तेराव्या शतकातच उत्तर देऊन ठेवले आहे. आपल्या महाग्रंथात खेळ आणि विरंगुळा यांची चर्चा करताना त्यांनी संत योहानाविषयीची एक जुनी कथा सांगितली आहे. वृद्ध योहान आपल्या शिष्यांबरोबर खेळीमेळीत रमलेले पाहून काही जणांच्या भुवया उंचावल्या. त्यांच्यातील एकाच्या हाती धनुष्य होते. योहानाने त्याला बाण सोडायला सांगितले, पुन्हा सांगितले, आणि मग विचारले, असे तू अखंड करू शकशील का? तो म्हणाला, तसे केले तर धनुष्य मोडून जाईल. माणसाच्या मनाचेही तसेच असते, असे योहानाचे उत्तर होते. अक्विनास एवढ्यावर थांबत नाहीत. ज्याला विनोद आणि विरंगुळा मुळीच सोसत नाही, तो इतरांनाही ओझे होतो, म्हणून त्याच्या वागण्यात नैतिक उणीव आहे, असे त्यांचे मत आहे.

तेव्हा सहलीला जावे की नाही, हा प्रश्न आपल्यापुरता निकालात निघाला. परंतु त्याच्या पोटातून दुसरा एक प्रश्न जन्माला येतो आणि तो इतक्या सहज सुटत नाही. मी जी विश्रांती घेतो, ती कोणाच्या श्रमांवर उभी असते? आणि त्या विश्रांतीत त्या श्रमणाऱ्याचा काही वाटा असतो का?

हा प्रश्न हवेत ठेवून भागणार नाही. त्याला जमिनीवर आणण्यासाठी आपण रेवदंड्याला जाऊ या.

रायगड जिल्ह्यात, अलिबागच्या दक्षिणेस सुमारे १७ किलोमीटरवर, कुंडलिका नदी जेथे समुद्राला मिळते तेथे हे लहानसे गाव वसले आहे. मुंबईच्या गेटवेवरून निघालेली बोट तासाभरात मांडव्याला लागते. २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मोटारींसह माणसे नेणारी रो-रो बोटही सुरू झाली आणि जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाल्यावर रस्त्याचा प्रवासही सुकर झाला. एका दिवसात जाऊन परतावे, अशा अंतरावर रेवदंडा आता आला आहे.

गावात शिरताना प्रवाशाला प्रथम भेटते ती पोर्तुगीज तटबंदी. रस्ताच कोटातून जातो. आत शिरले की नारळी-पोफळीच्या वाड्या, कौलारू घरे, विहिरी, आणि मधूनच झाडांच्या गर्दीतून डोके वर काढणारे भग्न अवशेष. अहमदनगरच्या निजामशहाच्या परवानगीने १५२१ साली पोर्तुगिजांनी येथे कोट बांधायला घेतला आणि पुढे सव्वादोनशे वर्षे हे ठाणे त्यांच्याकडे राहिले. फ्रान्सिस्कन मठाचा जो उंच मनोरा आज एकाकी उभा आहे, त्याला गावकरी 'सातखणी' म्हणतात. वसई १७३९ मध्ये पडली, आणि १७४० मध्ये तहान्वये हा मुलूखही मराठ्यांच्या हाती आला. शेजारच्या चौल बंदराचा उल्लेख तर प्राचीन ग्रीक लेखनात सापडतो. पंधराव्या शतकात अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी हिंदुस्थानात प्रथम उतरला तो येथेच. एके काळी जगभरची गलबते जेथे नांगर टाकीत, तेथे आज मासेमारीच्या होड्या डुलत असतात. काळसर वाळूचा किनारा लांबवर पसरलेला असतो आणि दुपारी त्यावर एखाददुसरे कुत्रेच काय ते झोपलेले दिसते.

थकलेल्या मनाला अशी गावे का भावतात? माझ्या मते त्याचे कारण असे, की येथे आपल्याकडून कोणाचीच काही अपेक्षा नसते. अमुक पाहिलेच पाहिजे, तमुक वाजता पोहोचलेच पाहिजे, असा धाक नाही. मुलांनी वाळूत खड्डा खणावा, आजीने पोफळीच्या सावलीत चटई टाकावी, बापाने हातातले घड्याळ काढून खिशात ठेवावे आणि भरतीचे पाणी किती चढले हे पाहत बसावे. मोठेपणा गमावूनही सुखाने जगणाऱ्या गावाच्या सहवासात आपल्याही धावपळीचा फोलपणा जरासा उमगतो. हा लाभ खराच आहे, त्याला क्षुल्लक म्हणण्याचे कारण नाही.

मात्र आपण ज्या सावलीत बसतो, त्या सावलीकडे जरा निरखून पाहिले पाहिजे. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ याच किनाऱ्यावर येऊन आदळले. अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंतच्या वाड्यांमधील नारळी-पोफळी मुळासकट उन्मळून पडल्या. पोफळीचे रोप लावले तर त्याला सुपारी धरायला पाच-सात वर्षे तरी जातात, नारळालाही तसाच काळ लागतो. म्हणजे वादळानंतर लावलेली कित्येक झाडे आता कोठे फळाला येत असतील. वाडीवाल्याने इतकी वर्षे त्यांना पाणी घातले, आळी केली, सुकल्या झावळ्या ओढून काढल्या, तेव्हा आपल्या चटईपुरती सावली तयार झाली. आपण तिला 'निसर्गसौंदर्य' म्हणतो. त्यातला निसर्गाचा वाटा किती आणि माणसाचा किती, हे विचारीत नाही.

तीच गोष्ट शांततेची. आपल्याला जी निवांतपणा वाटते, तीच त्या गावातील तरुणाला रोजगाराची वाण वाटत असेल. आपण ज्या मुंबईपासून पळून येथे आलो, तेथेच नोकरीसाठी खेटे घालण्याचे त्याच्या नशिबी आहे. एकाच गोष्टीला एकाने वरदान म्हणावे आणि दुसऱ्याने अडचण, यात दोघांपैकी कोणीच खोटे बोलत नसते. पाहुण्याने फक्त एवढे विसरू नये, की आपण त्या गावात एक दिवस राहतो आणि ते लोक उरलेले सर्व दिवस.

दुपारी जेवणाची वेळ होते. या किनाऱ्यावर बऱ्याच घरांतून घरगुती खानावळी चालतात. अगोदर सांगून ठेवले की तांदळाची भाकरी, माशाचे कालवण, तळलेली तुकडी आणि सोलकढी असे ताट समोर येते. अशाच एका घरी जेवून हात धुताना मी त्या बाईंना सहज विचारले, "मावशी, तुम्हाला सुटी कधी असते?" त्यांना प्रश्नच नवीन वाटला. जरा हसून त्या म्हणाल्या, "दादा, पाऊस लागला की आमची सुटी. तेव्हा कोण येतंय?" पावसाळ्यात बोटी बंद होतात, मासेमारीही थांबते. म्हणजे त्यांची सुटी ही मिळकत बुडाल्याचे दुसरे नाव होते. आपल्या रविवारला पगार कापला जात नाही. त्यांच्या विश्रांतीला मात्र चुलीसकट थंड व्हावे लागते.

येथे तत्त्वज्ञानातील एक जुना वाद आठवतो. विश्रांती आणि फुरसत यांत भेद करणारा पहिला मोठा विचारवंत म्हणजे ॲरिस्टॉटल. विश्रांती ही पुन्हा कामाला लागण्यासाठी घेतलेली असते, पण फुरसत ही स्वतःच एक श्रेष्ठ गोष्ट आहे, कारण तीत माणूस चिंतन करू शकतो, असे त्याने मांडले. आपण कामात गुंततो तेच मुळी फुरसत मिळावी म्हणून, असे त्याचे म्हणणे. युरोपीय भाषांतील शाळा या अर्थाचा शब्दही फुरसतीच्या ग्रीक शब्दावरूनच आला आहे. विचार सुंदर आहे, परंतु त्याच्या तळाशी एक अंधारी खोली आहे. अथेन्सच्या नागरिकाला ही फुरसत लाभत होती, कारण त्याचे धान्य दळायला, पाणी भरायला आणि शेत राखायला गुलाम होते. त्या गुलामाला फुरसत असावी, असे त्या थोर तत्त्वज्ञाला वाटले नाही. उलट काही माणसे स्वभावतःच गुलाम असतात, असे त्याने लिहून ठेवले.

याच्या शेजारी सिनाय पर्वतावर दिलेली तिसरी आज्ञा ठेवून पाहावी. ती केवळ घरधन्याला विसाव्याचा दिवस देऊन थांबत नाही. मुलगा, मुलगी, दास, दासी, गुरेढोरे आणि वेशीच्या आत राहणारा परका, अशी सर्वांची यादीच ती देते. अनुवाद या ग्रंथात तर बैल आणि गाढव यांची नावे घेतली आहेत आणि कारणही सांगितले आहे: तुम्हीसुद्धा मिसर देशात गुलाम होता, हे विसरू नका. ज्याने कधी स्वतः राबणूक सोसली आहे, त्याने आपल्या विसाव्यात दुसऱ्याला वाटेकरी करून घ्यावे, असा तिचा आशय आहे. विश्रांतीच्या कल्पनेत येथे फार मोठी क्रांती झाली. फुरसत हा थोड्यांचा मान होता, तो सर्वांचा हक्क झाला; आणि त्या सर्वांत मुका बैलही आला.

ही आज्ञा केवळ ग्रंथात राहिली नाही. तिचा एक जिवंत दाखला याच किनाऱ्यावर शतकानुशतके पाहायला मिळत होता. अलिबाग, रेवदंडा, पेण, रोहे या परिसरात बेने इस्रायल ज्यू समाजाची वस्ती होती. आपले पूर्वज गलबत फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागले, अशी त्यांची परंपरा सांगते. त्यांनी मराठी भाषा आपलीशी केली, गावांवरून किहीमकर, पेणकर, रोहेकर अशी आडनावे घेतली आणि तेलाचे घाणे चालवले. शनिवारी मात्र त्यांचा घाणा बंद असे. म्हणून शेजारीपाजारी त्यांना 'शनिवार तेली' म्हणू लागले. १९४८ नंतर त्यांतील बहुतेक कुटुंबे इस्राएलला निघून गेली. रेवदंड्यातील त्यांचे प्रार्थनामंदिर, सिनेगॉग, अजून उभे आहे.

'शनिवार तेली' हे नाव मला फार अर्थपूर्ण वाटते. त्या समाजाची ओळख त्याच्या धंद्याइतकीच त्याच्या विसाव्याने ठरली. आणि तो विसावा ऐपतवानाचा नव्हता. ज्याच्या घरी घाणा चालला तरच चूल पेटणार, त्याने आठवड्यातून एक दिवस जू उतरवून ठेवायचे, म्हणजे सातव्या हिश्श्याच्या कमाईवर पाणी सोडायचे. त्या दिवशी मालक मोकळा, गडी मोकळा आणि गोल गोल फिरणारा बैलही मोकळा. सहलीच्या दिवशी आपण पाहतो त्या पडक्या भिंतींपेक्षा हे स्मारक मला मोठे वाटते, जरी ते डोळ्यांना दिसत नसले तरी.

यावर कोणी आक्षेप घेईल आणि तो रास्तच असेल. तो म्हणेल, "तुमचे हे विचार ऐकून रविवारी कोणीच सहलीला गेले नाही, तर त्या खानावळवाल्या बाईंनी खायचे काय? होडीवाल्याने, शहाळीवाल्याने काय करायचे? तुमच्या नीतीमुळे त्यांना विसावा मिळेल, पण तो उपाशीपोटी." या आक्षेपाला बगल देता येणार नाही. वादळाने वाडी गेली तेव्हा कित्येक कुटुंबांना पाहुण्यांच्या पैशानेच हात दिला असेल. पाहुण्यांनी येऊ नये, असे त्या किनाऱ्यावर कोणी म्हणत नाही. काम देणे हे उपकार नसले तरी अपकारही नव्हेत.

पण या आक्षेपात एक गृहीतक लपलेले आहे: पोट भरायचे असेल तर विसावा सोडावाच लागतो. नेमके हेच गृहीतक मुंबईतील गिरणीमालकांचेही होते. आज आपण 'रविवारची सुटी' सूर्योदयाइतकी स्वाभाविक समजतो. पण जोतीराव फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना बांधली, सभा भरवल्या, अर्ज केले, तेव्हा कोठे १८९० साली त्या कामगारांना आठवड्याची ही सुटी मिळाली. पुढच्याच वर्षी, १८९१ मध्ये, पोप लिओ तेरावे यांनी 'रेरुम नोव्हारुम' या आपल्या विश्वपत्रात कामगाराच्या साप्ताहिक विसाव्याचा हक्क जगापुढे मांडला. ज्या रविवारी आपण चटई आणि डबे घेऊन निघतो, तो रविवार कोणीतरी झगडून मिळवलेला आहे. तो आपल्यापर्यंत येऊन थांबला, हे पुरेसे नाही. तो पुढे सरकला पाहिजे.

आपल्यापैकी पुष्कळांना या प्रश्नाची दुसरी बाजूही ठाऊक आहे, कारण वसईकर हा केवळ पाहुणा नाही, तो यजमानही आहे. अर्नाळा, राजोडी, कळंब, भुईगाव या आपल्या किनाऱ्यांवर सुटीच्या दिवशी शहरातून लोटणारी गर्दी आपण पाहतो. त्यातून काहींच्या घरी पैसा येतो, हे खरे. परंतु सोमवारी सकाळी वाळूत रुतलेल्या बाटल्या कोण वेचतो, कर्कश गाण्यांनी कोणाच्या घरातील आजारी माणसाची झोप उडते आणि मिस्सेला निघालेल्या म्हाताऱ्या माणसांना मोटारींच्या रांगेतून कशी वाट काढावी लागते, हेही आपण जाणतो. आलेल्या माणसाने येथे कोणी राहते याची जाणीव ठेवावी, एवढीच आपली माफक अपेक्षा असते. जी अपेक्षा आपण आपल्या अंगणात बाळगतो, तीच रेवदंड्याच्या माणसाची आपल्याकडून असणार. मिसर देशाची आठवण ठेवा, या आज्ञेचा आपल्यापुरता अर्थ हाच.

रेवदंड्याहून साळावचा पूल ओलांडला की खाडीपलीकडे कोर्लई लागते. डोंगरावरचा किल्ला पोर्तुगिजांनी १५९४ मध्ये निजामशाहीकडून घेतला. पायथ्याच्या गावात माउंट कार्मेल मातेचे चर्च आहे आणि त्याच्या आसपास राहणारा लहानसा कॅथलिक समाज आजही घरात पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिलाफातून घडलेली बोली बोलतो. तिला ते 'नौ लिंग', म्हणजे 'आमची भाषा' म्हणतात. बोलणारे हजाराच्या आसपास. १७४० मध्ये सत्ताधीश निघून गेले, पण गरीब माणसे मागे राहिली आणि त्यांनी ती भाषा राखली. अभ्यासकांना तिचे अप्रूप वाटते, तसे सहलीला गेलेल्या आपल्यालाही वाटते, आणि येथेच एक सूक्ष्म मोह दडलेला असतो. "जरा तुमच्या भाषेत बोलून दाखवा ना," असे आपण कोणाही आजीबाईंना म्हणून बसतो. कादोडी किंवा वाडवळी बोलणाऱ्या आपल्या आईला रस्त्यात अडवून कोणी असे म्हटले, तर आपल्याला कसे वाटेल? ज्या भाषेत ती माणसे भांडतात, मुलांना निजवतात आणि मेलेल्यांसाठी रडतात, ती आपल्या करमणुकीचा जिन्नस झाली की आपण पाहुणे राहत नाही, गिऱ्हाईक होतो. गिऱ्हाईक दामाच्या मोबदल्यात सर्व काही मागू शकतो. पाहुण्याला मात्र दिलेले घ्यायचे असते आणि न दिलेल्याकडे डोळेझाक करायची असते.

पाहुणा आणि गिऱ्हाईक यांतील हा फरक पैशाने मिटत नाही, आणि पैसे दिले म्हणून पाहुणेपण संपतही नाही. ताटाची किंमत चुकती करावी, घासाघीस न करता करावी. पण जेवायला उशीर होणार असेल तर अगोदर कळवावे, म्हणजे ती बाई दुपारभर आपल्यासाठी तिष्ठत बसणार नाही. आपला कचरा आपल्या पिशवीतून परत आणावा. वाडीत शिरण्यापूर्वी वाडीवाल्याला हाक मारावी. या गोष्टी किती लहान आहेत! पण त्यांतील प्रत्येक गोष्टीने यजमानाचे अर्ध्या तासाचे कष्ट वाचतात, आणि वाचलेला अर्धा तास हाच त्याच्या वाट्याला आलेला आपला रविवार.

शुभवर्तमानात एक प्रसंग आहे. शिष्य कामाने इतके शिणले होते, की त्यांना जेवायलाही सवड मिळेना. प्रभू येशू त्यांना थोडा विसावा घेण्यासाठी होडीत बसवून एकांत जागी घेऊन निघाला. पलीकडच्या काठाला लागून पाहतात तो गर्दी आधीच पोहोचलेली! त्याला त्या लोकांचा कळवळा आला आणि तो दिवस शेवटी हजारोंच्या जेवणाने संपला. या प्रसंगातून विश्रांती व्यर्थ आहे, असा अर्थ कोणी काढू नये. शिष्यांना विसाव्याची गरज आहे हे प्रथम ओळखले ते प्रभूनेच. पण ज्या काठाला होडी लागली, त्या काठावरची माणसे त्याला अडथळा वाटली नाहीत. ती त्याला दिसली, आणि सगळे जण एकाच हिरवळीवर जेवायला बसले.

येत्या हिवाळ्यात आपल्या कित्येक धर्मग्रामांतून सहली निघतील. बसमध्ये गाणी होतील, मुले खिडक्यांसाठी भांडतील, कोणाची तरी चप्पल वाळूत हरवेल. अवश्य जावे. धनुष्याची दोरी सैल करावी, हसावे, झोप आली तर झाडाखाली झोपावे. फक्त निघण्यापूर्वी, ज्या घरी जेवलो त्या घरच्या माणसांना एक प्रश्न विचारावा: "तुमचा विसाव्याचा दिवस कोणता?" त्यांचा असा एखादा दिवस ठरलेला असेल, तर पुढच्या वेळी त्या दिवशी जाणे टाळावे. आणि तसा दिवसच नसेल, तर तो त्यांना मिळावा म्हणून चार पैसे अधिक देण्यापासून गावोगावच्या मजुरांच्या आणि छोट्या धंदेवाल्यांच्या साप्ताहिक सुटीची बाजू घेण्यापर्यंत आपल्याला काय करता येईल, याचा परतीच्या प्रवासात विचार करावा. बसमध्ये त्यासाठी चार तास मिळतातच.